उजाडेपर्यंतची पटरी

“या बायका आहेत का स्पीडब्रेकर?”

बोलणारा पुढे निघून गेला होता. मागचे दोघं हसले, त्यातल्या एकाने हसता हसता बेल वाजवली, आणि सात-आठ सायकली आमच्या अंगाला वारा लावून गेल्या. शेवटच्या सायकलला बांधलेल्या स्पीकरवर हिंदी गाणं चालू होतं. नदीच्या वळणापर्यंत ते ऐकू येत राहिलं.

आम्ही सहा जणी ट्रॅकच्या कडेला, उतारावर, एकमेकींचे हात धरून उभ्या होतो. पहाटेचे सव्वापाच झाले असतील. खाली ऊस, पलीकडे गोदावरी, आणि डोळ्यांपुढे अजून त्या हेडलाइटचे पांढरे गोळे. माझ्या डोक्यावर आत्याची शाल होती, तोंडाला रुमाल. म्हणून त्यांनी मला ओळखलं नाही. मी मात्र आवाज ओळखला. नांदेडच्या आमच्या सायकल ग्रुपचे कॅप्टन. पन्नाशीचे, हसतमुख, ग्रुपवर रोज सकाळी मला ‘गुड मॉर्निंग मॅडम’ करणारे.

“कोण व्हते गं?” आत्याने विचारलं.

“काय माहीत,” मी म्हणाले.

आत्याने चपलेत गेलेला खडा काढला आणि पुन्हा वर चढली. बाकीच्या चढल्या नाहीत. त्यांच्यातली एक म्हणाली, “आता बास माय. उद्यापासून म्या न्हाई येत.” गेल्या महिनाभरात हे वाक्य मी सहाव्यांदा की सातव्यांदा ऐकत होते, आणि दर वेळी ते म्हणणारी खरोखरच दुसऱ्या दिवशी येत नव्हती.

आत्याचं गाव नांदेडहून मुदखेडकडे जाताना लागतं. पूर्वी इथून नदीला धरून मीटरगेजची लाइन जायची. ब्रॉडगेज आली तेव्हा नवी लाइन गावापासून लांब टाकली आणि जुनी तशीच राहिली. आधी रूळ गेले, मग स्लीपर, मग खडी. खडी गावातल्या घरांच्या पायांत गेली. आत्याच्या न्हाणीखालीसुद्धा रेल्वेचीच आहे. शेवटी उरला मातीचा उंच भराव. मी कळती झाल्यापासून त्यावर एकही रूळ पाहिलेला नाही, तरी गाव त्याला पटरीच म्हणतं.

इथली काळी माती पावसाळ्यात पायातली चप्पल ठेवून घेते. पटरी तेवढी कोरडी असायची, आणि दोन्ही बाजूंना बाभळीचा आडोसा. त्यामुळे गावातल्या बायका पहाटे डबा घेऊन तिकडेच जायच्या. त्यातून एक नियम पडला. उजाडेपर्यंत पटरी बायकांची. पुरुषाने वर चढायचं नाही. अगदीच अडलं, शेतात मोटार चालू करायचीय, गाय अडलीय, तर ओढ्यावरच्या दगडी पुलाशी थांबायचं आणि मोठ्याने खाकरायचं. वरून एखादी बाई “जा” म्हणाली की मान खाली घालून जायचं. नाही म्हणाली तर थांबायचं. आत्याचे सासरे म्हणे गावात कुणाच्या बापाचं ऐकत नसत, पण पुलाशी थंडीत बादली घेऊन उभे राहायचे.

“एकदा आमी मुद्दामच जा म्हणलं न्हाई,” आत्या सांगते. “लई येळ. मामंजीला खाकरू खाकरू खराच खोकला लागला.”

हे कुठे लिहिलेलं नव्हतं. कुठल्या ग्रामसभेत ठरलेलं नव्हतं. तरी आत्या लग्न होऊन आली तेव्हापासून ते कुणी मोडलेलं तिच्या पाहण्यात नव्हतं.

मग घरोघरी संडास झाले. आता बायकांना पटरीचं काय काम, असं पुरुषांना वाटलं. डबा सुटला, पण पहाट काही बायकांनी सोडली नाही. त्या दीड तासात चहा मागायला कुणी नसतं. आत्याला शुगर आहे, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, हे तिचं घरी सांगायचं कारण. पटरीवर ती जे बोलते त्यातलं एक अक्षरही घरी बोलत नाही, हे मला तिच्याबरोबर चालल्यावर कळलं. जावेबद्दल, आठवीत बंद झालेल्या शाळेबद्दल, मामांच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, अबोल्याबद्दल. घरात मी तिला कधी गाताना ऐकलं नव्हतं. पटरीवर ऐकलं. आवाज चांगला आहे तिचा, जरा जाड.

मी स्वतः कमी बोलते. इंग्रजी शाळेत मराठी बोललं की वर्गाबाहेर उभं करायचे आणि इंग्रजी चुकलं की वर्गातच हसायचे. मी दोन्ही बंद केलं. पुढे दोन वर्षं मेडिकलच्या तयारीसाठी लातूरला काढली. तिथे बोलायची गरजच नव्हती. हॉस्टेल, क्लास, मेस, टेस्ट. खोलीच्या खिडकीतून क्लासचा भला मोठा बोर्ड दिसायचा, त्यावर आदल्या वर्षी लागलेल्या मुलामुलींचे फोटो. रात्री अभ्यास करताना ते सगळे माझ्याकडे बघत असायचे. मला मेडिकल लागलं नाही. नांदेडला परत आले, बी.एस्सी. केलं, आता एका लॅबमध्ये रक्ता-लघवीचे रिपोर्ट टाइप करते. आणि सायकल चालवते. लातूरला मला रोज एकच वाटायचं, की कुठेतरी सरळ जात राहावं आणि वाटेत कुणी मार्क विचारू नयेत.

यंदा दिवाळीनंतर पटरीवर सायकल ट्रॅक झाला. लाल रंगाचा गुळगुळीत रस्ता, कडेला पांढरी पट्टी, सोलरचे दिवे, त्यातले निम्मे लागतात. दगडी पुलाला लोखंडी कठडे आले. उद्घाटनाला मांडव, फेटे, भाषणं. गावातल्या बायका भरावाच्या खाली उभ्या होत्या, वर पाहुण्यांना जागा. मी वर होते, कारण माझ्याकडे सायकल आणि हेल्मेट होतं. शनिवार-रविवार मी आत्याकडे राहायला येऊ लागले ते तेव्हापासून.

त्या ट्रॅकवर पहिल्यांदा एकटी गेले ती सकाळ मी कुणालाच सांगितलेली नाही. रेल्वेला चढ सोसत नाही, त्यामुळे तिथे चढ नाहीच. वळणं इतकी लांब की हँडल वळवल्याचं हाताला कळत नाही, नदीच हळूहळू एका बाजूला सरकत जाते. वरून विष्णुपुरी धरणाचं पाणी सोडलेलं होतं. पात्र भरून चाललं होतं आणि त्यावर धूर उठावा तशी वाफ. एका शेतात गुऱ्हाळ लागलं होतं, गुळाचा वास दोन-तीन शेतं माझ्यासोबत आला. कुठेही थांबायचं नव्हतं, कुणाला वाट द्यायची नव्हती. मी हसत होते हे मला ओठ उलल्यावर कळलं.

आणि त्याच आठवड्यात मी चूक केली.

मी चांदण्यातल्या नदीचा आणि दिव्याखालच्या लाल रस्त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘टोटली एम्प्टी ॲट फाइव्ह एएम.’ इंग्रजीत लिहिलं, कारण ग्रुपवर तसंच लिहितात. फोटो काढला तेव्हा आत्या समोरच होती. सरपंचबाई होत्या, आणखी आठ-नऊ जणी होत्या. “जरा बाजूला होता का?” असं मीच त्यांना म्हणाले, फोटोत येत होत्या म्हणून. त्या झाल्या. आणि मी लिहिलं, रिकामा.

ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. पहिल्या रविवारी दोघं आले, दुसऱ्या रविवारी नऊ, आणि मग रोजच. पहाटेच, कारण सात वाजता परत फिरलं की दुकान-दवाखाना सांभाळता येतो. हेडलाइट थेट तोंडावर. बेल. “साइड, साइड, साइड!” बायका उतारावर सरकायच्या. जानेवारीत दव पडलेलं असताना एका आजीचा पाय घसरला आणि मनगट मोडलं. त्यानंतर बायका गळू लागल्या. फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी, कॅप्टन स्पीडब्रेकर म्हणाले तेव्हा, आम्ही सहा उरलो होतो.

त्याच दिवशी दहा वाजता ग्रुपवर मेसेज आला. उद्या रविवारी साडेसातला ट्रॅकच्या गेटवर सरपंचांसोबत मीटिंग. विषय, पायी चालणाऱ्यांचा अडथळा. मागणी, ‘ट्रॅकवर पायी चालण्यास मनाई’ असा बोर्ड. सर्वांनी मोठ्या संख्येने यावे.

सरपंच म्हणजे सरपंचबाईंचे मालक. निवडून त्या आल्यात, खुर्चीत ते बसतात. गाव मालकांनाच सरपंच म्हणतं आणि बाईंना सरपंचबाई. त्या पहाटे आमच्यासोबत चालतात आणि दिवसा मालक सांगतील तिथे सही करतात.

दुपारी आत्या ओसरीवर तूर पाखडत होती. मी तिच्यासमोर बसले, मोबाइल उलटा ठेवला आणि म्हणाले, “आत्या, ते लोक माझ्यामुळे येतात.”

“मंजी?”

“तो फोटो मी टाकला होता. ग्रुपवर.”

“मग? फोटो तर समदेच टाकतेत.”

“त्याच्याखाली लिहिलं होतं, पहाटे पाचला पूर्ण रिकामा असतो.”

तिने सूप खाली ठेवलं. तूर हाताने एकसारखी केली, पुन्हा केली.

“आमी कुठं गेलतो?”

मी उलटा मोबाइल सुलटा केला, परत उलटा केला.

“न्हाई, सांग की. तूच म्हणलीस बाजूला व्हा. झालो बाजूला. म्हणून रिकामा?”

“चुकलं माझं.”

“चुकलं तर चुकलं. रडू नको, तुरीवर पाणी पडंल.” तिने सूप पुन्हा उचललं. “आता बोल त्यांला. तुपलेच लोक हायेत.”

“मला नाही जमत, आत्या. तुला माहितीय.”

“मला काय जमतंय? मला सायकल येत न्हाई, त्यांचं इंग्रजी येत न्हाई. तुला दोन्ही येतंय अन् तू गप. मंग आमच्यात अन् तुझ्यात फरक काय?”

मी माजघरात जाऊन मेसेज लिहिला. चार वेळा लिहिला, चार वेळा पुसला. आधी इंग्रजीत, फारच नम्र. मग मराठीत, फारच रागाचा. शेवटी एवढंच पाठवलं: ‘पहाटे उजाडेपर्यंत या वाटेवर गावातल्या बायका चालतात. ही पूर्वीपासूनची पद्धत आहे. आपण साडेसहानंतर जाऊ या का?’

तीन मिनिटांत कॅप्टनांचं उत्तर आलं. ‘नोटेड मॅडम. लेडीजची सेफ्टी ही आपली पहिली जबाबदारी. म्हणूनच वॉकिंग बंद करायची मागणी आहे.’ पुढे हात जोडलेले. त्याखाली बाकीच्यांचे अंगठे. त्यांत एका बाईचाही होता, नांदेडच्या, डॉक्टर आहेत. ते मला जास्त लागलं.

संध्याकाळी आत्या मला सरपंचबाईंकडे घेऊन गेली. त्या गोठ्यात धार काढत होत्या. आत्याने सगळं सांगितलं. त्यांनी धार थांबवली नाही.

“बोर्डाच्या कागदावर सही मपली लागती,” त्या म्हणाल्या.

“मग करू नका,” मी म्हणाले. हे मी इतकं हळू म्हणाले की त्यांनी “आँ?” केलं आणि मला परत म्हणावं लागलं.

त्या हसल्या. “पोरी, सही न्हाई केली तर तू येणारंय का माझ्या घरात ऱ्हायला? तू तर नांदेडला जाशील.” मग चरवी बाजूला ठेवली, पदराला हात पुसला. “पर सही साडेसातला हाय. उद्या पहाटे मी येते. आजून चार घरी सांगते. सहीच्या आदी चालून तर घिऊ.”

त्या रात्री मी नीट झोपले. असं लिहायला नको, पण झोपले. मला वाटलं होतं, फार फार तर आठ जणी येतील, चालतील, उतारावर सरकतील, आणि मी नांदेडला निघून जाईन.

पहाटे पाचला दगडी पुलाशी सतरा बायका होत्या. मी मोजल्या, कारण मला काहीतरी मोजत राहायला बरं वाटतं. मनगट मोडलेली आजी प्लॅस्टर गळ्यात बांधून आली होती. दोन सुना होत्या, त्यांना मी कधी पटरीवर पाहिलं नव्हतं. सरपंचबाई स्वेटरवर स्वेटर घालून. हळू बोला असं कुणी सांगितलं नव्हतं, तरी सगळ्या हळू बोलत होत्या. मी आज शाल घेतली नव्हती. हेल्मेट होतं, सायकल हातात होती.

“ही कशाला आणली?” आत्याने विचारलं.

“असू दे.”

आम्ही पुलाच्या तोंडाशी असतानाच वळणावर दिवे दिसले. आधी एक, मग रांग. स्पीकरवर कालचंच गाणं. “साइड!” लांबूनच आवाज आला. सतरा बायका एका वेळी उताराकडे वळल्या. कुणी विचारही केला नाही, पाय आपोआप वळले. आत्यासुद्धा वळली. तिचा एक पाय पांढऱ्या पट्टीबाहेर गेला आणि मला ओसरीवरचा तिचा चेहरा आठवला, सूप खाली ठेवतानाचा.

मी तिचा दंड धरला. दुसऱ्या हाताने सायकल पुलावर आडवी लावली, स्टँडवर. पुलावर कठडे आहेत. एक सायकल आडवी लावली की वाट बंद होते.

ब्रेक किंचाळले. पुढचा दिवा माझ्या छातीशी येऊन थांबला.

“अहो, मॅडम? तुम्ही!” कॅप्टनांनी दिवा खाली केला. “पंक्चर झालं का? किट आहे आपल्याकडे.”

मी मान हलवली. नाही.

त्यांच्या मागे, कुणाकडून तरी घेतलेल्या सायकलवर, अंगापेक्षा लहान जर्सी घालून, सरपंच होते. मीटिंगआधी पाहुण्यांसोबत एक चक्कर मारायला आलेले. त्यांनी आधी मला पाहिलं, मग बायका पाहिल्या, मग स्वेटर पाहिला.

“तू इथं काय करून राहिलीस?”

“रोज येते,” सरपंचबाई म्हणाल्या. “तुमी झोपलेले असता.”

मागे कुणीतरी खुसखुसलं. बायकांतली की सायकलवाल्यांतला, कळलं नाही.

“अन् तुमी सांगा,” सरपंचबाई पुढे आल्या, “पुलाच्या अलीकडं खाकरले का तुमी? का अर्धी चड्डी घातली की खाकराया लागत न्हाई?”

आता बायका उघड हसल्या. सरपंचांनी पाय जमिनीला टेकवले. त्यांचा हात गळ्याकडे गेला. मला शपथेवर सांगता येईल, ते घसा खाकरायच्या बेतात होते. लहानपणापासूनची सवय असणार. पण त्यांनी कॅप्टनांकडे पाहिलं आणि हात परत हँडलवर ठेवला.

कॅप्टन अजून हसतच होते. वाईट माणूस नाहीत ते. मागे रस्त्यात माझी चेन तुटली होती तेव्हा हात काळे करून त्यांनीच ती जोडून दिली होती. ते माझ्याजवळ वाकले आणि आवाज उतरवून, घरातल्या माणसाशी बोलावं तसं म्हणाले, “मॅडम, तुम्ही तर आपल्यातल्या. यांना जरा समजावून सांगा ना. साडेसातला मीटिंग आहेच, तिथे बोलू सगळं. आत्ता तेवढी सायकल काढा. मागे लोक खोळंबलेत.”

त्यांनी माझ्या हँडलला हात लावला. हलकेच, विनंती केल्यासारखा.

मला इंग्रजी वाक्यं सुचत होती, एकामागून एक, सगळी ‘प्लीज’ने सुरू होणारी. मला शाळेतली वर्गाबाहेरची फरशी आठवली. लातूरचे ते फोटोतले चेहरे आठवले. मागे आत्याचा श्वास ऐकू येत होता. तिचा दंड अजून माझ्या मुठीत होता आणि ती तो सोडवून घेत नव्हती. साडेसातला कागद निघेल, सरपंचबाई सही करतील, आणि मग ही वाट आमची कधी होती हे सांगायला कुणाला तोंड राहणार नाही. नदीवर अजून उजेड नव्हता. पूर्वेला नुसतं राखेसारखं काहीतरी.

मी कॅप्टनांचा हात हँडलवरून उचलला आणि बाजूला केला. मग बोलले. आवाज फाटला, पण मागच्या शेवटच्या सायकलपर्यंत गेला असावा, कारण तिथलं गाणं कुणीतरी बंद केलं.

“मी यांच्यातली आहे. उजाडेपर्यंत ही पटरी बायकांची आहे, तुमचा ट्रॅक व्हायच्या आधीपासून. आम्ही बाजूला होणार नाही. तुम्ही मागं फिरा.”